परग्रहावरचं जीवन शोधायला 'पीळदार' प्रकाश: खरी वाट की नुसती हौस?

रानपाखरू
थ्रीडी सिनेमाचा चष्मा घरात पडला असेल तर तो घालून आरशासमोर उभे राहा आणि एक डोळा मिटा. चष्मा वर्तुळाकार ध्रुवणाचा (प्रकाशलहर मळसूत्रासारखी डावा किंवा उजवा पीळ घेत जाते तो) असेल तर उघड्या डोळ्यापुढची काच काळीठिक्कर दिसते, मिटलेला डोळा मात्र स्वच्छ दिसतो. आरशावर आपटून प्रकाशाचा पीळ उलटतो, म्हणून ज्या काचेतून तो बाहेर पडला तीच त्याला परत घेत नाही.

सजीवांचे रेणूही असेच एकांगी: एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या डाव्या-उजव्या रूपांपैकी एकच वापरतात. अमिनो आम्लं डावखुरी, साखरा उजव्या. निर्जीव रसायनशास्त्रात सहसा दोन्ही रूपं निम्मी-निम्मी तयार होतात. हिरव्या पानावरून परतणाऱ्या प्रकाशात, हरितद्रव्य तो शोषतं त्या ६८० नॅनोमीटरच्या आसपास, पिळाचा बारीकसा कल उरतो, म्हणजे एका दिशेचा पीळ दुसरीपेक्षा किंचित जास्त. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात स्वित्झर्लंडमध्ये ताशी ७० किमी वेगाने उडणाऱ्या हेलिकॉप्टरमधून, २ किमी उंचीवरून, हा कल टिपला आणि झाडी, गवत, शहर वेगवेगळं ओळखलं.

जीवाची खूण म्हणून शोधले जाणारे ऑक्सिजन आणि मिथेन जीवाशिवायही बनतात, त्यांच्यावरून वाद कधीच मिटणार नाही. माझं स्पष्ट मत: पुढच्या मोठ्या अवकाश दुर्बिणीवर पीळ मोजणारं उपकरण हवंच.

गणपट्टी
हेलिकॉप्टर २ किमीवर होतं हो! जरा आकडे मांडूया. सूर्यासारख्या ताऱ्याच्या प्रकाशापुढे पृथ्वीसारख्या ग्रहाचा प्रकाश साधारण एक हजार कोटींत एक. पानाचा कल एक टक्क्याच्याही आत. ढग, समुद्र, वाळवंट धरून अख्ख्या ग्रहाची सरासरी काढली की तो आणखी विरतो. हजारात एक उरला असं उदार मनाने धरलं तरी ताऱ्याच्या दहा लाख कोटी फोटॉनांमागे एक कामाचा. त्यात ग्रहावरून येणारं रेषीय ध्रुवण (पीळ न घेता एकाच दिशेत डोलणारा प्रकाश) कितीतरी पट मोठं असतं, आणि उपकरणाच्या आरशा-भिंगांतून त्यातलं थोडं वर्तुळाकार होऊन गळतंच. ही गळती सिग्नलपेक्षा मोठी निघाली की शोध लागला म्हणून पेढे वाटायचे आणि वर्षभराने माफी मागायची.

धूमकेतूचीशेपटी
गणपट्टींशी सहमत, पण माझी हरकत वेगळी आहे. पीळ दिसला म्हणजे जीव, हे समीकरणच कच्चं आहे. १९९८ मध्ये ओरायनच्या तारे जन्मणाऱ्या भागात अवरक्त प्रकाशात १७ टक्क्यांपर्यंत वर्तुळाकार ध्रुवण सापडलं. तिथे पानं नाहीत, धुळीवरून विखुरलेला प्रकाश आहे.

एकांगी रेणूंचंही तसंच. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतल्या काही अमिनो आम्लांत डाव्या रूपाचं प्रमाण जास्त निघालं, जीव नसताना. उलट बेनू लघुग्रहावरून आणलेल्या नमुन्यात दोन्ही रूपं जवळपास सारखी, हे २०२५ मध्ये कळलं. अशा विसंगतीवर खटला कसा उभा करणार?

आणि तुम्ही 'सेंद्रिय रेणू' आणि 'जीव' यांची गल्लत करताय. ग्लायसिन या सर्वात साध्या अमिनो आम्लाला डावं-उजवं नसतंच. २०१६ मध्ये सॅजिटेरियस बी२ या अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगात प्रोपिलीन ऑक्साइड सापडलं, ताऱ्यांमधल्या अवकाशातला पहिला डावा-उजवा भेद असलेला रेणू. पण दोन्ही रूपांचा साधा रेडिओ वर्णपट एकच, त्यामुळे तो कुठल्या हाताचा ते कुणी सांगू शकलं नाही.

रानपाखरू
शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की! साध्या वर्णपटाला हात कळत नाही, पिळाला कळतो, म्हणूनच तर पीळ मोजायचा.

धुळीचंही उत्तर आहे. धूळ पीळ देते तो रुंद पट्ट्यात, सावकाश बदलणारा. पानाचा कल रंगद्रव्य शोषतं तिथेच अचानक वर-खाली होतो. एकच आकडा मोजला तर फसाल, वर्णपट, म्हणजे प्रत्येक रंगातला पीळ वेगवेगळा, मोजला तर नाही. गणपट्टींच्या गळतीवर मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पर्णहरित
वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून एक भर. पानाचा हा कल अमिनो आम्लं डावखुरी आहेत एवढ्यावरून थेट येत नाही. हरितद्रव्य आणि प्रथिनं यांचे मोठे जुडगे पेशीत कसे रचले आहेत त्यावर तो ठरतो. त्यामुळे काही जातींत तो एका दिशेला, काहींत दुसऱ्या. जंगलभर बेरीज केली तर एकमेकांना खाऊ शकतात. वाळत गेलेल्या पानात तो मावळतो. म्हणजे 'आत्ता जिवंत' याची ती चांगली खूण आहे, पण न दिसल्यास 'जीव नाही' असं म्हणता येणार नाही.

लालमाती
तुम्ही सगळे दूरच्या ताऱ्यांकडे का पळताय? मंगळावर जा, नमुन्यावर प्रकाश पाडून पीळ मोजायला दिवा आपलाच न्या. तिथल्या मातीत परक्लोरेट (क्लोरिन आणि ऑक्सिजन असलेले क्षार) आहे हे नासाच्या फीनिक्स यानाने २००८ मध्ये दाखवलं. नमुना तापवला की ते सेंद्रिय पदार्थच जाळून टाकतं. प्रकाशाला काही तापवावं लागत नाही. मला तर हाच खरा उपयोग वाटतो.

गणपट्टी
दिवा आपला असेल तर फोटॉनांची चणचण नाही, तिथे मी विरोध मागे घेतो. पण मंगळावर हिरवं पान नाही मिळणार. जुने, मेलेले रेणू मिळतील, आणि अमिनो आम्लांची डावी-उजवी रूपं काळाच्या ओघात आपोआप सारखी होत जातात. थंडीत सावकाश, पण होतात. परग्रहांच्या दुर्बिणीबाबत माझं मत तेच.

नुसतावाचक
मी चष्म्याचा प्रयोग केला. उलटंच दिसलं! उघडा डोळा दिसतो, मिटलेल्यापुढची काच काळी.

रानपाखरू
मग तुमचा चष्मा रेषीय ध्रुवणाचा. तसाच घालून दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि थ्रीडी सिनेमात मान तिरकी करा, चित्रं दुहेरी दिसू लागतील. वर्तुळाकारवाल्यात ती एवढी सहज फुटत नाहीत.