मदत हवी आहे : सायनोटाइपचा निळा रंग धुताना वाहून जातो
ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशेवाळाचे सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हात उमटवलेले निळे ठसे) छापले. त्याच पद्धतीने मला ठाणे खाडीतल्या तिवराची पानं छापायची आहेत, फोटोग्राफी कोर्सच्या प्रोजेक्टसाठी. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ताजं मिसळते, कागद अंधारात सुकवते, दुपारी गच्चीवर ठेवते. उन्हात रंग छान करडा होतो, पण नळाखाली धरला की निळा वाहून जातो आणि पानाच्या कडेला पिवळट डाग उरतात. एक्स्पोजर वाढवून पाहिलं, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरलं, फरक नाही. कागद साधा ड्रॉइंगचा आहे. अल्कलीत हा निळा टिकत नाही, म्हणून माझा संशय कागदातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर (तोही अल्कलीच) आहे. धुण्याच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालून भागेल, की कागदच बदलावा लागेल? बदलायचा तर बफर नसलेला (म्हणजे असा अल्कली न मिसळलेला) कॉटन कागद ठाण्यात किंवा फार तर दादरला सुटा कुठे मिळेल?