मदत हवी आहे: छोट्या शिशूत जाण्याआधीच वाचता यायला हवं का?

नमस्कार. आम्ही मालवणजवळ राहतो. लेक साडेतीन वर्षांची, जूनपासून छोट्या शिशूत जाईल. प्रवेशाला गेलो तर बाईंनी तिच्यापुढे पुस्तक धरलं, "वाच बघू." ती माझ्या ओढणीत तोंड लपवून बसली. फार वाईट वाटलं मला. घरी ती एसटीच्या पाटीवरचा 'म' ओळखते, आजीसोबत तांदळाच्या पिठात बोटाने गिरवते, रापणीतल्या माशांची नावं धडाधड सांगते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ६ वयात खेळातून शिकण्यावरच भर आहे, निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं वाचनाचं लक्ष्यही तिसरीपर्यंतचं. मग आत्ताच एवढी घाई का? सासूबाईंना वाटतं, मागे पडेल. तुमची मुलं वाचता न येता शाळेत गेली होती का? पुढे रुळली का? अंगणवाडीताई, शिक्षक असाल तर जरूर लिहा.