चर्चा धागा: नाशिकने जागतिक प्रदर्शन मागावं का?

गंगापूर रोडकर (धागाकर्ता)

२ ऑगस्ट २०२७ ला रामकुंडावर सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. त्याच दिवशी तिकडे सर्बियात, बेलग्रेडला, जागतिक प्रदर्शन (वर्ल्ड एक्स्पो, जिथे देशोदेशींचे मंडप असतात) चालू असेल. ते १५ मे ते १५ ऑगस्ट आहे. हे वाचल्यापासून एक विचार डोक्यात घोळतोय, तो इथे मांडतो. नाशिकने असं प्रदर्शन मागावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे प्रदर्शन कोणत्या देशाला द्यायचं ते पॅरिसमधली एक आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते, १९२८ च्या करारातून उभी राहिलेली. मोठं प्रदर्शन पाच वर्षांतून एकदा, सहा महिन्यांपर्यंत चालतं. २०२५ चं ओसाकाला झालं, २०३० चं रियाधला आहे. दोन मोठ्यांच्या मधे एक छोटं असतं. जास्तीत जास्त तीन महिने, २५ हेक्टर जागा, विषय एकच. बेलग्रेडचं ते हे. भारतात यातलं एकही आजवर झालेलं नाही. २०३० नंतरच्या छोट्या प्रदर्शनासाठी 'नदी आणि शेती' हा विषय घेऊन केंद्र सरकारने नाशिकचं नाव पुढे करावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण म्हणजे तारीख. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आपल्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरांवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, २,०९२ कोटी जाहीर झाले. एक खांब तरी उभा दिसतो का? नाशिक-पुणे रेल्वेचं नाव काढलं की लोक मान वळवतात. आणि तिकडे सेव्हिलला १९९२ चं प्रदर्शन मिळालं, तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये माद्रिद-सेव्हिल वेगवान रेल्वे धावायला लागली, स्पेनमधली पहिली. पॅरिसची मेट्रो १९०० चं प्रदर्शन चालू असताना सुरू झाली, मॉन्ट्रियलची १९६७ च्या प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी. जगाला आवतण गेलं की काम पुढे ढकलता येत नाही.

आणि लिस्बन! तेजो नदीकाठी जुना तेलशुद्धीकरण कारखाना, गोदामं, कत्तलखाना अशी सगळी टाकाऊ जागा होती. १९९८ ला तिथे प्रदर्शन भरलं आणि उठल्यावर तिथेच घरं, कचेऱ्या, मोठं मत्स्यालय, रेल्वे स्थानक, मेट्रोची नवी मार्गिका असं नवं उपनगर उभं राहिलं. लोक आज तिथे राहतात. आपल्या पिढीने नाशिकसाठी एवढं मागायला काय हरकत आहे?

पंचवटीची लेक

दादा, तळमळ कळते. पण तारखेचा मुद्दा आपल्या गावात टिकत नाही. सिंहस्थाची तारीख गुरू सिंह राशीत जातो त्यावर ठरते. ते वर्ष बारा वर्षं आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. याहून पक्कं वेळापत्रक जगातल्या कुठल्या शहराकडे आहे? तरीही घाट, पूल, रस्ते दर वेळी शेवटच्या दीड-दोन वर्षांत अंगावर येतात.

घाईत काय होतं ते आम्ही नदीकाठचे लोक बघत आलोय. आधीच्या सिंहस्थांच्या नावाखाली रामकुंड परिसरात पात्राला काँक्रीट झालं, कुंडांचे जिवंत झरे त्याखाली गेले. ते काँक्रीट काढा म्हणून लोकांना न्यायालयात जावं लागलं. आता २०२७ साठी साधुग्राम म्हणून तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर झाडांना मिठ्या मारायला गेले. २७ ऑगस्ट २००३ ची चेंगराचेंगरी आठवा, ३९ माणसं गेली.

तारीख असली की काम होतं, मान्य. पण कुठलं काम? फीत कापता येईल असं. नाले नदीत जायचे बंद करायला फीत नसते, म्हणून ते राहून जातं.

आणि २५ हेक्टर म्हणजे बासष्ट एकर झाले. लिस्बनकडे मोडकळीला आलेला कारखाना होता. आपल्याकडे काय आहे? द्राक्षबागा, नदीकाठ आणि तपोवन. शांघायने २०१० च्या प्रदर्शनासाठी १८,००० कुटुंबं हलवली. इथे कोणाला हलवणार, ते आधी सांगा.

सातपूरचा हिशेबनीस

ताईंशी सहमत, आणि मला पैशांबद्दल बोलायचं आहे.

हॅनोव्हर, २०००. चार कोटी लोक येतील असा अंदाज होता, आले एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. तोटा दोनशे कोटी मार्कांच्या वर. न्यू ऑर्लिन्स, १९८४: प्रदर्शन चालू असतानाच आयोजकांनी दिवाळं जाहीर केलं. ओसाका, २०२५: बांधकामाचा अंदाज १२५ अब्ज येन होता, तो २३५ अब्जांवर गेला. जर्मनी, अमेरिका, जपान हे देश हिशेबात कच्चे नाहीत. तरी त्यांचं असं झालं, कारण प्रेक्षकांचा आकडा मंजुरी मिळवण्यासाठी फुगवला जातो आणि खर्चाचा दाबला जातो. मी कारखान्यांच्या प्रकल्प अहवालांवर आयुष्य घालवलंय. हा प्रकार मला कागद बघून ओळखू येतो.

तुम्हाला नदीच हवी असेल तर सारागोसा बघा. स्पेनमधलं मधल्या आकाराचं शहर, २००८ चं छोटं प्रदर्शन, तीन महिने, विषय पाणी, जागा एब्रो नदीच्या वळणावर. तुमच्या कल्पनेचं याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही. तिथला नदीवरचा देखणा मंडप-पूल आणि पाण्याचा मनोरा प्रदर्शनानंतर वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिले.

गंगापूर रोडकर

काका, सारागोसाचं अर्धंच सांगितलंत. एब्रोचे काठ त्या प्रदर्शनामुळे चालण्याजोगे झाले, मोठं उद्यान मिळालं, आणि काही मंडपांमध्ये पुढे शहराची न्यायालयं गेली. ओसाकाचं बांधकाम महागलं, पण प्रदर्शन चालवण्याच्या खर्चात शेवटी शिल्लक पडली, तेही खरं आहे.

दिंडोरीचा बागायतदार

मी समर्थनात आहे, पण प्रकार बदलून. ज्या संस्थेबद्दल चाललंय तीच बागायती प्रदर्शनांनाही मान्यता देते. २०२७ लाच जपानमध्ये योकोहामाला तसं एक आहे, १९ मार्च ते २६ सप्टेंबर, अमेरिकेच्या लष्कराने परत केलेल्या जागेवर. आपला जिल्हा द्राक्षाचा, कांद्याचा, टोमॅटोचा. ऑक्टोबर छाटणीपासून माल कंटेनरमध्ये चढेपर्यंत जे काम आमच्या बायाबापड्या करतात, ते बघायला जगातून माणसं यावीत असं मला वाटतं. युरोपातला खरेदीदार आमच्या मालाची फवारणी तपासतो, पण आमची बाग त्याने कधी डोळ्यांनी बघितलेली नसते. दर पाडून मागायची हिंमत त्यातूनच येते.

आम्हाला तिथे काचेचे मंडप नकोत. शीतगृहं, माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळा, रोपवाटिका असं उभं राहिलं तर प्रदर्शन उठल्यावरही ते शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.

सातपूरचा हिशेबनीस

भाऊ, तुमचं म्हणणं मला गंगापूर रोडकरांपेक्षा जास्त पटतं. तरी नेदरलँड्समधल्या आल्मेरेचं सांगतो. तिथे २०२२ ला बागायती प्रदर्शन झालं. ज्या देशाच्या फुलांवर जगाचा बाजार चालतो त्या देशात वीस लाखांची अपेक्षा होती आणि आले सात लाखांच्या आत. तोटा पालिकेच्या, म्हणजे करदात्यांच्या माथी बसला, आणि त्यावरून तिथले सत्ताधारी पायउतार झाले. आपल्या महापालिकेला असा धक्का सोसवेल का? घरपट्टी कोण भरतं, आपणच ना?

इतिहासाचा मास्तर

दोन्ही बाजूंची उदाहरणं खरी आहेत. मला यातल्या फरकाचं कारण शोधावंसं वाटतं.

लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक पडले. ते पैसे कसे वापरायचे यासाठी एक आयोग होता, त्याने साउथ केन्सिंग्टनला जमीन घेतली. आज तिथे संग्रहालयं आणि विज्ञानाचं महाविद्यालय उभं आहे. तोच आयोग शिष्यवृत्त्या देतो. आपल्या होमी भाभांना केंब्रिजमध्ये असताना त्यातली एक मिळाली होती. आणि ज्या इमारतीसाठी ते प्रदर्शन गाजलं, तो क्रिस्टल पॅलेस, तो तर दुसरीकडे हलवला आणि १९३६ ला जळून गेला. शिकागोला १८९३ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली, स्वामी विवेकानंद तिथेच बोलले. तिथल्या बहुतेक पांढऱ्याशुभ्र इमारती तात्पुरत्या होत्या, बऱ्याचशा पुढच्याच वर्षी आगीत गेल्या.

म्हणजे इमारत राहिली की गेली, यावर शहराचं भलं ठरत नाही. जमीन प्रदर्शनानंतर कोणाच्या नावावर, आणि शिल्लक किंवा तोटा कोणाच्या वहीत, यावर ठरतं. हे लंडनने कायद्याने बांधून ठेवलं होतं. सेव्हिलचं प्रदर्शन ज्या बेटावर भरलं तिथले कितीतरी मंडप मात्र वर्षानुवर्षं ओस पडले, कारण गर्दी गेल्यावर तिथे कोण येणार याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

व्हिएन्नाचं १८७३ चं प्रदर्शन मला नाशिकच्या फार जवळचं वाटतं. मे महिन्यात शेअर बाजार कोसळला, उन्हाळ्यात शहरात कॉलरा पसरला, प्रदर्शन मोठ्या तोट्यात गेलं. पण त्याच ऑक्टोबरात डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणणारी नळवाहिनी सुरू झाली. ती प्रदर्शनापायी बांधली असं मी म्हणणार नाही, तिचा निर्णय वेगळा आणि आधीचा होता. व्हिएन्ना आजही ते पाणी पिते. पंचवटीच्या ताई नाल्यांबद्दल म्हणतात ते हेच आहे.

आपल्या देशातलंही एक सांगतो. दिल्लीच्या प्रगती मैदानावर 'एशिया ७२' या व्यापार प्रदर्शनासाठी राज रेवाल यांनी आखलेलं हॉल ऑफ नेशन्स उभं राहिलं. जगभरचे वास्तुविशारद बघायला यायचे. २०१७ च्या एप्रिलमध्ये ते पाडलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पंचवटीची लेक

मास्तर, आभारी आहे. अजून एक. 'नदी' हा विषय घेऊन जग बोलवायचं आणि गंगापूर-दारणा धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला किती पाणी सोडायचं यावर टंचाईच्या वर्षी आपण आणि मराठवाडा एकमेकांविरुद्ध उभे. हे भांडण मंडपात दाखवणार की झाकणार? मला ते दाखवलेलं आवडेल. पण सरकारी मंडपात दाखवतील असं वाटत नाही.

गंगापूर रोडकर

जागेचा प्रश्न वाजवी आहे, त्याचं उत्तर देतो. तपोवन नाही, बागा नाहीत. एकलहरे.

औष्णिक वीज केंद्रातली १४० मेगावॉटची पहिली दोन युनिट्स कधीच बंद झाली. चालू आहेत ती २१० ची, तीही १९८० च्या आगेमागे सुरू झालेली, म्हणजे उतारवयातली. राखेची तळी आहेत, जवळ गोदावरी आहे, नाशिकरोड स्थानक हाकेच्या अंतरावर. लिस्बनच्या तेल कारखान्याशी याहून मिळतीजुळती जागा जिल्ह्यात नाही. कोणाचं घर हलवायला नको, झाड तोडायला नको. राखेखालची जमीन स्वच्छ करायला एरवी कोण पैसे देणार? या निमित्ताने मिळतील.

एकलहऱ्याचा

मी त्याच गावचा. तुम्ही ज्या जमिनीला टाकाऊ म्हणताय ती आमच्या वडीलधाऱ्यांनी विजेसाठी दिली. राख आम्ही श्वासात घेतली, कपड्यांवर झेलली, पिकांवर बघितली. मोबदल्यात नोकरी मिळेल हे वचन होतं. ६६० मेगावॉटचं नवं युनिट येणार हे ऐकत आमची एक पिढी पोक्त झाली. आता तीन महिन्यांच्या प्रदर्शनाचं ऐकतोय.

तरी मी थेट नाही म्हणत नाही. राख साफ होणार असेल तर मला ते हवंय, वीज केंद्र राहो न राहो. पण लिस्बनला नदीकाठी घरं झाली म्हणालात. ती घेतली कोणी? कारखान्यातल्या कामगारांनी? तसं असेल असं मला वाटत नाही. नवी जागा चकचकीत झाली की तिथला भाव जुन्या माणसाला झेपत नाही, हे आपण गंगापूर रोडलाच बघितलंय. तुमच्या भागात पूर्वी मळे होते. मळेवाल्यांची मुलं आज कुठे राहतात?

गंगापूर रोडकर

प्रश्न रास्त आहे. जमीन विकायचीच नाही, भाडेपट्ट्यानेच द्यायची आणि पट्ट्याचं उत्पन्न ठरावीक हिश्शाने प्रकल्पग्रस्त गावांना, असं प्रदर्शनाची मागणी पॅरिसला पाठवण्याआधी लिहून घेतलं तर तुमचं मत बदलेल का?

एकलहऱ्याचा

लिहून घेतलेलं आमच्याकडे पुष्कळ आहे, पेटीत ठेवलंय. क्रम बदलायची तयारी असेल तर बोलू. आधी राखेच्या तळ्यांची माती आणि आसपासच्या विहिरींचं पाणी तपासा, निकाल गावात लावा. मग साफसफाई सुरू करा, त्या कामावर आमची पोरं घ्या. ग्रामसभेत ठराव होऊ द्या, आणि तो विरोधात गेला तर ती जागा सोडून द्या. एवढं झाल्यावर पॅरिसला कागद पाठवा. माती तपासायला कोणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही, ते या महिन्यातही होऊ शकतं.

पंचवटीची लेक

माझा विरोध कायम आहे. पण माती-पाणी तपासायच्या मागणीवर सही करायला मी येते, एकलहऱ्याला. कधी यायचं ते सांगा, दादा.