मदत हवी आहे : पिकअपचा नवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) फ्लॅश करताना, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर भरताना, मध्येच संपर्क तुटतो. ईसीएम गेला की वाचेल?

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यातल्या एका गावात माझं गॅरेज आहे. डिझेल गाड्यांचं काम बारा वर्षं करतोय, वायरिंग-स्कॅनिंग गेली पाच-सहा वर्षं. आज अडलोय आणि वेळ कमी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी बीएस-सहा डिझेल पिकअप, २०२१ ची, एका संत्रा बागायतदाराची. पावसाळ्यात जुन्या ईसीएममध्ये पाणी शिरलं, उघडला तर आतला बोर्ड हिरवा पडलेला. त्याच पार्ट नंबरचा नवा मागवला. तो कोरा येतो, त्यात गाडीचं सॉफ्टवेअर, चेसिस नंबर आणि चारही इंजेक्टरचे कोड भरावे लागतात. पास-थ्रू बॉक्स (लॅपटॉप गाडीला जोडणारा डबा) माझा, लॉगिन रीतसर घेतलेलं. फाइल आधीच लॅपटॉपवर पूर्ण उतरवली होती, कारण इथे मोबाइलचं नेटवर्क तासभर सलग टिकत नाही. म्हणजे नेटचा प्रश्न नाही.

पहिल्या वेळी नुसत्या बॅटरीवर केलं. सुरुवातीला १२.५ व्होल्ट होते. १८ टक्क्यांवर ‘मॉड्यूलशी संपर्क तुटला’ असं आलं, तेव्हा मीटर ११.७ दाखवत होता. दुसऱ्या वेळी चार्जर लावला, मीटरवर १३.८, तरी ४१ टक्क्यांवर तुटलं. तिसऱ्या वेळी सुरुवातच होईना, उत्तर आलं ७एफ २७ ३७.

आता गाडी स्टार्ट होत नाही. स्कॅनरला इंजिनचा ईसीएम दिसत नाही. एबीएस आणि मीटर कन्सोल दिसतात, दोघांतही यू०१०० (इंजिनच्या ईसीएमशी संपर्क नाही) हा कोड आहे. फ्लॅशिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र ईसीएमचा बूट नंबर (आतल्या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामचा नंबर) अजून मिळतो.

तपासलं ते असं. बॅटरीचा मायनस काढून, थोडं थांबून ओबीडी कपलरच्या (स्कॅनर जोडतो तो) ६ आणि १४ पिनमध्ये, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या कॅन लाइनच्या दोन तारांमध्ये, ६१ ओहम. इग्निशन चालू असताना ६ वर २.७ व्होल्ट, १४ वर २.३. १६ नंबरवर बॅटरीएवढा सप्लाय. ४ आणि ५ या अर्थच्या (मायनस जोडणीच्या) पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ ओहम. केबल बदलून पाहिली, लॅपटॉपही बदलला. कपलरच्या मागे फायनान्सवाल्यांनी बसवलेला जीपीएस ट्रॅकर जोडलेला आहे, त्याला अजून हात लावला नाही.

विचारायचं एवढंच : ईसीएम मेला का? कॅनची लाइन बरोबर दिसते, कोड वाचता येत होते, मग लिहिताना का तुटतं? आणि चौथ्यांदा प्रयत्न करू की थांबू?

आंबिया बहाराचा तोडा लागलाय. बागायतदार काका काल दोनदा येऊन गेले, “भाऊ, गाडी कवा देशीन?” म्हणून. भाड्याच्या गाडीने क्रेट नेताहेत आणि एकेका खेपेचे पैसे खिशातून जाताहेत. नवा ईसीएम माझ्या हातून खराब झाला असेल तर त्याचे पैसे मीच देईन, पण आधी खरं काय ते कळायला हवं.

प्रतिसाद :
फाइल चुकीची असेल. पार्ट नंबर सारखा असला तरी सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते. दुसरी फाइल टाकून पाहा.

प्रतिसाद :
दादा, फाइलला सध्या हात लावू नका. फाइलच चुकीची असती तर सुरुवातीलाच नाकारली गेली असती किंवा दर वेळी एकाच ठिकाणी अडली असती. तुमचं एकदा १८ वर तुटलं, एकदा ४१ वर. हे सप्लाय, अर्थ किंवा लाइनचं लक्षण आहे.

बूट नंबर मिळतोय म्हणजे ईसीएम जिवंत आहे. फ्लॅश करताना आतला प्रोग्राम आधी पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. तुमचं काम या दोन्हींच्या मधे अडकलंय. बूटचा छोटा भाग शाबूत आहे आणि तो नव्या फाइलची वाट पाहत बसलाय. म्हणून स्कॅनरला तो दिसत नाही आणि बाकीचे मॉड्यूल यू०१०० देतात.

कोड वाचताना एखादा निरोप हुकला तर स्कॅनर पुन्हा विचारतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. लिहिताना वीस-वीस मिनिटं तुकड्यामागून तुकडा जातो. त्यातला एक वेळेत पोचला नाही की काम तिथेच थांबतं. त्यामुळे कोड वाचता आले यावरून लाइन आणि सप्लाय लिहिण्याजोगे आहेत असं धरू नका. कॅनचे तुमचे आकडे चांगले आहेत. ६ आणि १४ मध्ये दोन्ही टोकांचे १२० ओहम मिळून ६० च्या आसपास यायला हवेत, ते येतात. १२० आले असते तर एक टोक तुटलेलं समजलो असतो.

माझा संशय अर्थवर आहे. अर्थ ओहमवर तपासू नका. मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, तारेचे दोन पदर शिल्लक असले तरी ०.२ दाखवेल. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक ईसीएमच्या अर्थ पिनला मागून सुई घालून लावा, दुसरं थेट बॅटरीच्या मायनस पोलवर. ०.१ च्या आत हवं.

मग मीटर एसी व्होल्टवर करून चार्जर चालू असताना बॅटरीवर धरा. जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर १३.८ दाखवतो, पण आत लहरी असतात. चार्जिंगला त्या चालतात, फ्लॅशिंगला नाही.

ट्रॅकर काढा. तो आपल्या सोयीने लाइनवर बोलत राहतो.

७एफ २७ ३७ म्हणजे सिक्युरिटीची वेळ अजून संपलेली नाही. इग्निशन चालू ठेवून पंधरा मिनिटं काही करू नका.

धागाकर्ता :
दादा, तुमचे उपकार. ओहमवर ०.२ असलेल्या अर्थवर लोड टाकल्यावर ०.९ व्होल्ट पडत होते! या गाडीत बॅटरी डाव्या बाजूला, माल भरायच्या बॉडीखाली चेसिसवर आहे. ट्रे काढला तर मायनस तारेची लग (टोकाची धातूची कडी) चेसिसला लागते तिथे निळसर-हिरवा थर, बोल्ट फिरेना. काकांना विचारलं तेव्हा कळलं, संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) करायचं होतं तेव्हा मोरचुदाचा ड्रम मागे कलंडला होता. पाणी फळ्यांमधून थेट बॅटरीवर गळलं. लग हातात घेतली तर तार आतून काळी पडलेली, चिमटीत दाबली की पदर तुटत होते.

नवी लग दाबून बसवली, चेसिस घासून चकचकीत केलं, वर ग्रीस लावलं. आता ०.०५.

चार्जरवर एसी ०.७ व्होल्ट आले. शिवाय रात्री शेतीपंपांचा फीडर चालू झाला की गावातला दाब १७० पर्यंत उतरतो, हेही तेव्हाच मोजलं. माझ्याकडे स्थिर सप्लाय नाही. काय करू?

प्रतिसाद :
चार्जर बाजूला ठेवा. ट्रॅक्टरची पूर्ण चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी जाड केबलने समांतर जोडा, प्लसला प्लस, मायनसला मायनस. लाइट, ब्लोअर, टेप बंद. दार उघडझाप नको. लॅपटॉपची झोप बंद करा.

धागाकर्ता :
सकाळी सहाला बसलो. ट्रॅकर काढला, दोन्ही बॅटऱ्या मिळून १२.७. पंधरा मिनिटं थांबल्यावर सिक्युरिटी उघडली. ४१ टक्क्यांवर नजर मीटरवरच होती, १२.४ वर स्थिर. बावीस मिनिटांत १०० टक्के. चेसिस नंबर घेतला. तिसऱ्या इंजेक्टरवरचा कोड काजळीने झाकला होता, क्लीनरने पुसून टॉर्चच्या उजेडात वाचला आणि चारही भरले. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. यू०१०० पुसल्यावर परत आलेला नाही.

काका संध्याकाळी गाडी न्यायला येताहेत. ट्रॅकर परत बसवावाच लागेल. त्याचा सप्लाय आणि अर्थ फ्यूज बॉक्समधून देऊन ६ आणि १४ च्या तारा मोकळ्या ठेवल्या तर तो चालेल का, कुणी करून पाहिलंय का?