मावळत्या कमिटीवरचा राग नव्या उमेदवाराला भोवतो का? तुमचे अनुभव सांगा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कमिटीची पाच वर्षांची मुदत संपतेय. चेअरमन पुन्हा उभे राहणार नाहीत. त्यांच्या जागी खजिनदार उभे आहेत, आणि टँकरच्या बिलांवरून चेअरमनवर असलेला सगळा राग आता त्यांच्यावर निघतोय. माणूस सरळ आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. तुमच्याकडे असं झालं तेव्हा पुढे काय झालं?

नेरुळ : आमच्या सेक्रेटरींनी पुनर्विकासाचा सल्लागार सर्वसाधारण सभेला न विचारता ठरवला होता. लोक भयंकर चिडले. पुढच्या निवडणुकीला त्यांच्याच कमिटीतल्या काकू उभ्या राहिल्या. त्यांनी सेक्रेटरींना नावं ठेवली नाहीत. करारनाम्याची फाईल जिन्याखालच्या टेबलावर आणून ठेवली. "पानं बघा, फोटो काढा. निवडून आले तर हा विषय पहिल्याच सभेत पुन्हा मताला टाकेन," एवढंच म्हणाल्या. तळमजल्यावरचे आजोबा भिंग घेऊन तासभर वाचत बसले होते. काकू निवडून आल्या, आणि विषय खरंच मताला टाकला.

ऐरोली : आमच्याकडे उलट झालं. गच्चीच्या गळतीबद्दल विचारलं की उमेदवार म्हणायचे, "ते आधीच्या साहेबांना विचारा." स्वतः त्याच कमिटीत होते! सपशेल पडले.

वाशी : मी राज्यशास्त्र शिकवते. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या पोल टॅक्समध्ये घर लहान असो की मोठं, प्रत्येक प्रौढाला साधारण सारखाच कर होता. त्यावरून १९९० साली लंडनमध्ये दंगल झाली. नोव्हेंबरमध्ये त्या पायउतार झाल्या. त्यांच्याच मंत्रिमंडळातले जॉन मेजर पंतप्रधान झाले, त्यांनी तो कर रद्द करायचं जाहीर केलं आणि १९९२ची निवडणूक जिंकली. अमेरिकेत हम्फ्री हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे उपाध्यक्ष. जॉन्सन पुन्हा उभे राहिले नाहीत, त्यांच्या जागी हे निक्सन यांच्याविरुद्ध उभे होते. व्हिएतनाम युद्धावर जॉन्सनपेक्षा वेगळं बोलायला त्यांना ३० सप्टेंबर १९६८ उजाडला. त्यानंतर दोघांतलं अंतर झपाट्याने कमी झालं, तरी निक्सन एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने जिंकले. माझ्या मते हम्फ्रींना उशीरच नडला. तुमच्या खजिनदारांनी बिलांबद्दल आजच बोलावं.

कळवा : आमच्याकडे रागाच्या भरात अख्खी कमिटी बदलली. नव्यांपैकी कुणालाच लिफ्टचा देखभाल करार कधी संपतो हे माहीत नव्हतं. तो संपला, आणि सहाव्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावं लागलं. खजिनदारांना हिशेब येत असेल, तर त्यांना पाडण्याआधी एकदा समोर बसवून सगळं विचारा.