मदत हवी आहे: जुगाराची सवय आणि घसरलेले गुण, आधी कशाला हात घालावा?

नमस्कार.

माझ्या बहिणीचा मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. शाळेत नेहमी वरच्या क्रमांकांत असणाऱ्या या मुलाचे आता तीन विषय राहिले आहेत, हजेरी परीक्षेला बसू देण्याच्या मर्यादेच्याही खाली गेली आहे, आणि या सत्राच्या परीक्षेसाठी घरून दिलेली फी त्याने भरलेलीच नाही, हे मुदत संपता संपता उघडकीला आले. त्यानंतर त्याने एकट्या मला, म्हणजे त्याच्या मावशीला, खरे कारण सांगितले. तो मोबाइलवर सामन्यांवर पैजा लावतो. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी त्याने आधी मित्रांकडून आणि मग झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून पैसे उचलले आहेत. आईवडिलांना यातले काहीही ठाऊक नाही.

त्यांच्या दृष्टीने प्रश्न अभ्यासाचा आहे. शिकवणी लावावी, मोबाइल काढून घ्यावा, रोजचे वेळापत्रक करून द्यावे, असा विचार सध्या घरात चालू आहे. मला वाटते की हे दुखणे भलत्याच ठिकाणी चोळणे झाले. परंतु माझेही मत पूर्ण पक्के नाही, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगावे लागेल.

जुगार खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सरासरीने कमी आढळतात, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे, पण त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एवढ्यावरून ठरत नाही. अपयश आलेला मुलगा झटपट यशाच्या शोधात पैजेकडे वळू शकतो, पैजेत गुंतलेला मुलगा अभ्यासात मागे पडू शकतो, किंवा दोन्हींच्या मुळाशी तिसरेच काही असू शकते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा आयुष्यभर मागोवा घेणारा अभ्यास चालू आहे. त्यात तिसऱ्या वर्षी ज्या मुलांचा स्वतःवरचा ताबा कमी दिसला होता, त्यांच्यात पुढे एकविसाव्या आणि बत्तिसाव्या वर्षी जुगाराच्या समस्या जास्त आढळल्या. उतावीळपणा, एकाग्रतेतील अडचण, नैराश्य अशा गोष्टी गुणांनाही धक्का लावतात आणि जुगारालाही वाट करून देतात. आमच्या मुलाच्या बाबतीत त्याच्या सांगण्यावरून क्रम असा दिसतो की पैजा पहिल्या वर्षीच सुरू झाल्या, पण लहान रकमांच्या होत्या. पहिल्यांदा नापास झाल्यावर मात्र त्या झपाट्याने वाढल्या. म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींना ढकलत गेल्या असाव्यात.

अभ्यास नेमका कसा बुडतो, हेही त्याच्या बोलण्यातून मला प्रथमच नीट कळले. मी समजत होते की खेळण्यात तास जातात. प्रत्यक्षात पैज लावायला क्षणभर पुरतो. खरा वेळ जातो तो निकालाची वाट पाहण्यात आणि हरल्यानंतरच्या विचारात. सामना चालू असतानाच पुढच्या काही मिनिटांत काय होईल यावर पैजा लावता येत असल्याने तो वर्गात बसूनही वर्गात नसतो. दूरदेशीचे सामने रात्रीबेरात्री चालतात, त्यामुळे झोप मोडते आणि सकाळची व्याख्याने बुडतात. पुस्तक उघडले तरी डोक्यात कोणाचे किती देणे आहे याचाच हिशेब चालू असतो, असे तो म्हणाला.

आणि हा मुलगा संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे! रूलेट या जुगारात फिरत्या चाकावर चेंडू कोणत्या आकड्याच्या किंवा रंगाच्या घरात पडेल यावर पैसे लावतात. एक शून्य असलेल्या अशा चाकावर ३७ घरे असतात, पण एका आकड्यावर जिंकल्यास लावलेल्या रकमेच्या पस्तीस पटच नफा मिळतो, म्हणून दीर्घकाळात लावलेल्या रकमेपैकी सुमारे २.७ टक्के चालकाकडे जाणारच, हे गणित त्यानेच मला मांडून दाखवले. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचा चेंडू लागोपाठ सव्वीस वेळा काळ्यावर पडला आणि 'आता तरी लाल येईल' म्हणत लोक हरत राहिले, हा किस्साही त्याला तोंडपाठ आहे. तरीही सामन्यांच्या बाबतीत आपला अभ्यास आहे, तिथे नशिबाचा भाग कमी, अशी त्याची मनोमन खात्री आहे. त्यामुळे 'यात शेवटी हारच असते' हे त्याला समजावून सांगण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. ते त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की वागणूक सर्वांत चिवट बनते, हे मानसशास्त्रात स्किनर यांच्या प्रयोगांपासून माहीत आहे, आणि थोडक्यात हुकलेली पैज तर खेळणाऱ्याला जिंकण्याच्या जवळ आल्यासारखी भासते.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात २०१३ पासून जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात धरला जातो. नऊ लक्षणांपैकी चार किंवा अधिक बारा महिन्यांच्या काळात दिसली तर निदान होते. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, खेळण्याबद्दल खोटे बोलणे, शिक्षणाची किंवा नोकरीची संधी धोक्यात आणणे आणि पैशांच्या अडचणीतून सुटण्यासाठी इतरांवर विसंबणे ही त्यांतली चार, आणि ती मला त्याच्यात स्पष्ट दिसतात. निदान करणे माझे काम नाही, पण हे केवळ आळशीपणाचे प्रकरण नाही एवढे म्हणायला तेवढे पुरेसे आहे.

आता माझे प्रश्न. ज्यांनी असे प्रसंग घरात हाताळले आहेत, किंवा जे समुपदेशन वा अध्यापन करतात, त्यांनी कृपया उत्तरे द्यावीत.

सर्वांत मोठी अडचण पैशांची आहे. त्याचे कर्ज मी फेडू शकते, पण फेडावे का? एकदा कोणी सोडवले की पुन्हा खेळायला पाटी कोरी मिळते, असे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले लोक सांगतात आणि ते मला पटते. दुसरीकडे कर्जाच्या अ‍ॅपचे व्याज थांबत नाही आणि वसुलीचे फोन चालू राहिले तर अभ्यास होणे शक्य नाही. पैसे त्याच्या हातात न देता थेट कर्ज देणाऱ्याला द्यावेत, आणि त्या बदल्यात त्याच्या खात्याचे व्यवहार मला दिसतील अशी अट घालावी, हा मधला मार्ग कोणी वापरला आहे का? परीक्षेची फीही मी थेट महाविद्यालयात भरण्याच्या विचारात आहे. ती मदत ठरेल की पाठीशी घालणे?

वर्षभर शिक्षणातून विश्रांती घ्यावी, असे तो स्वतः म्हणतो. मला त्याची धास्ती वाटते, कारण रिकामा वेळ हेच जुगाराचे खाद्य आहे. पण सगळे विषय एकदम देऊन पुन्हा नापास झाला तर तोच जुना फेरा सुरू होईल. कमी विषय घेऊन पुढे जाण्याची सोय ज्यांनी वापरली, त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

उपचारांत कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराचा आधार सर्वाधिक घेतला जातो, हे मी वाचले आहे. खेळण्याची खाती स्वतःहून बंद करून घेण्याची सोयही काही ठिकाणी असते. पण तो सज्ञान आहे, त्याच्या मर्जीशिवाय काहीच करता येणार नाही, आणि समुपदेशकाकडे जायला तो तयार नाही. 'अभ्यासाच्या अडचणीसाठी चल' म्हणून नेले तर चालेल का? की सुरुवातच आडपडद्याने केली तर पुढचा विश्वास जाईल?

शेवटचा प्रश्न त्याच्या आईचा आहे. ताईपासून हे लपवणे मला जड जाते, आणि तिला कळल्याशिवाय पैशांवर लक्ष ठेवणेही अशक्य आहे. मात्र जुगाराच्या विकारात आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा बरेच जास्त आढळतात, म्हणून त्याला कोंडीत पकडल्यासारखे वाटेल असे काही मला करायचे नाही. त्याच्या मनात असे विचार येतात का, हे मी त्याला सरळ विचारले. तो नाही म्हणाला. त्यानेच माझ्यासमोर बसून ताईला सांगावे, असे मी सुचवले आहे आणि तो विचार करतो म्हणाला आहे. अशा बोलण्याच्या वेळी देण्याघेण्याची पूर्ण यादी आधीच लिहून तयार ठेवावी का, की पहिल्या बैठकीत आकडे काढूच नयेत?

विलंब शुल्कासह परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत अजून थोडी शिल्लक आहे, त्यामुळे फीबद्दलचे मत आधी कळवल्यास उपकार होतील.