मदत हवी आहे: मायक्रोवेव्हची 'खास' भांडी घेण्यात अर्थ आहे का?

घाईची_भाकरी

मावे (मायक्रोवेव्ह) २० लिटरचा सोलो आहे (ग्रिल नाही, कन्व्हेक्शन नाही). मागच्या पट्टीवर आउटपुट ७०० वॅट लिहिलंय. घरात दोन माणसं, गॅस एकाच बर्नरचा. सकाळचा डबा आणि रात्रीचं जेवण, दोन्हीला अर्ध्या तासाच्या वर वेळ मिळत नाही.

ऑनलाइन पाच भांड्यांचा एक सेट दिसतोय: २ लिटरचा भाताचा कुकर, १२ इडल्यांचा स्टँड, पास्ता शिजवायचं लांबट भांडं, सिलिकॉनचा स्टीमर आणि क्रिस्प प्लेट. त्याच विक्रेत्याकडे मावेत चालणारा प्रेशर कुकरही आहे.

प्रश्न तीन. यातल्या कशाने खरंच वेळ वाचतो? साध्या काचेच्या बोलमध्ये हेच सगळं होतं का? आणि प्लास्टिक किती भरवशाचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

अर्धी_वाटी

सेट घेऊ नका. पाचातलं एखादं तुमच्या कामाचं निघेल, बाकीची माळ्यावर जातील.

आधी हिशोब बघा, म्हणजे जाहिरातीतली 'झटपट' भाषा आपोआप गळून पडते. मावे तापवतो ते मुख्यतः पदार्थातलं पाणी. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला ७०० वॅटवर साडेसात मिनिटं लागणारच, भांडं कुठल्याही कंपनीचं असो. वजन निम्मं केलं की वेळही जवळपास निम्मा. म्हणून मावे दोन माणसांच्या स्वयंपाकात भाव खातो आणि सहा माणसांच्या स्वयंपाकात गॅसपुढे हरतो.

आता भात. १ वाटी तांदूळ (१५० ग्रॅम) आणि २ वाट्या पाणी. पाण्याला उकळी यायला अडीच-तीन मिनिटं. पुढची दहा-बारा मिनिटं तांदळाचा दाणा पाणी पिऊन शिजण्याची, ती कुठल्याच भांड्यात कमी होत नाहीत. 'मावे राइस कुकर' म्हणजे खोल प्लास्टिकचं भांडं, वर फेस अडवायला एक जाळी आणि भोकाचं झाकण. काम करतं, पण नेमकं तेच काम अडीच लिटरचा काचेचा बोल करतो:

कोलम धुऊन २० मिनिटं भिजवा. दुप्पट पाणी, अर्धा चमचा तूप, मीठ. झाकण न घालता फुल पॉवरवर ८ ते ९ मिनिटं. वरचं पाणी दिसेनासं झालं आणि भातावर भोकं पडली की झाकण ठेवून ५० टक्क्यांवर ४ मिनिटं. मग दार न उघडता ५ मिनिटं तसंच राहू द्या. हा थांबण्याचा वेळ वगळलात तर मधला भात कच्चट आणि कडेचा कोरडा. बासमतीला पाणी पावणेदोन वाट्या पुरतं.

भात उतू जातो तो पाण्यामुळे नाही, स्टार्चच्या फेसामुळे. तांदूळ-पाणी मिळून बोलच्या एक-तृतीयांशाच्या वर जाता कामा नये. १ लिटरच्या बोलमध्ये १ वाटी भात लावला की मावेतली फिरती काचेची ताटली धुवायचं काम वाढलंच.

कोकमसार

अर्धी_वाटी यांच्याशी बहुतांशी सहमत. इडली स्टँडबद्दल मात्र वेगळं मत आहे. त्या सेटमधली वेळ खरोखर वाचवणारी वस्तू तीच आहे.

गॅसवर पाणी उकळायचं, मग इडल्या १० ते १२ मिनिटं. मावेत एका थाळीच्या ४ इडल्या, तळाला अर्धी वाटी गरम पाणी, ७०० वॅटवर साडेतीन ते चार मिनिटं. तिन्ही थाळ्या लावल्या तर सात-आठ मिनिटं, पण मग मधली थाळी मागे राहते. ५ मिनिटांनंतर वरची आणि मधली थाळी अदलाबदल करा. बंद झाल्यावर ३ मिनिटं झाकण तसंच.

इडली वातड होते त्याची दोन कारणं. एक म्हणजे जास्त वेळ. इथे इडली नुसती वाफेवर शिजत नाही, लहरी थेट पिठातलं पाणी तापवतात. त्यामुळे ३० सेकंद जास्त झाले तरी पाणी उडून जातं. दुसरं म्हणजे घट्ट पीठ. नेहमीपेक्षा दोन चमचे पाणी जास्त घाला. आणि या इडल्या गरम असतानाच खायच्या. थंड झाल्या की कडक होतात, डब्याला अजिबात नकोत. सकाळच्या डब्यासाठी घेणार असाल तर स्टँडही रद्द करा.

ढोकळ्याला स्टँड लागतच नाही. १ वाटी बेसन, पाऊण वाटी पाणी, मीठ-साखर-लिंबू. भांड्याला तेलाचा हात आधी लावून ठेवा, कारण १ चमचा इनो घातल्यावर वेळ घालवायचा नाही. १८ सेंमीचा पसरट काचेचा बोल, ४ मिनिटं. मधोमध सुरी घालून कोरडी निघाली की झालं. तिथे अजून ओलसर असेल तर आणखी ३० सेकंद, सरसकट दोन मिनिटं नाही.

वाफाळ

प्लास्टिकबद्दल.

भांड्याच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. ते वितळतं साधारण १६० अंशांना. पाणी १०० च्या वर जात नाही, म्हणून भात, इडली, उकडलेल्या भाज्या यांना ते पुरतं. गडबड होते तेल, तूप, साखर आणि टोमॅटोच्या दाट रश्शाने. तेल १०० वर थांबत नाही. भाजी गरम केल्यावर डब्याच्या काठाला खडबडीत पांढरट कडं आलेलं पाहिलं असेल, ते प्लास्टिक तिथे भाजून निघालेलं असतं. अशा डब्यात पुन्हा अन्न तापवू नका, कोरडं सामान भरा.

'मायक्रोवेव्ह सेफ' याचा अर्थ ते भांडं त्या तापमानाला टिकतं, एवढाच घ्यावा. फोडणीसाठी ते सेफ नाही.

मेलामाइनच्या प्लेटा पूर्ण बाद. त्या स्वतःच लहरी शोषून तापतात. सोनेरी-चंदेरी रेघ असलेलं चिनीमातीचं भांडंही बाद, ठिणग्या उडतात. माहीत नसलेल्या काचेच्या वा चिनीमातीच्या भांड्याची चाचणी सोपी: रिकामं भांडं आणि शेजारी कपभर पाणी, फुल पॉवर १ मिनिट. पाणी गरम आणि भांडं गार राहिलं तर चालेल. भांडंच तापलं तर ते मावेसाठी नाही. शेजारचा पाण्याचा कप विसरू नका, मावे रिकामा चालवायचा नसतो.

चार बाजूंनी कुलूप लागणारे काचेचे डबे मिळतात, त्यांचं झाकण तापवताना लावायचं नाही, नुसतं वर ठेवायचं. वाफ कोंडली की झाकण उडतं, आणि गार झाल्यावर ते असं चिकटून बसतं की निघता निघत नाही.

घाईची_भाकरी

तिघांचेही आभार. म्हणजे भाताचा कुकर बाद, इडली स्टँड विचाराधीन. प्रेशर कुकर आणि क्रिस्प प्लेटचं काय? तुरीची डाळ मावेत झाली असती तर बर्नर मोकळा राहिला असता.

अर्धी_वाटी

तुरीच्या डाळीचा नाद सोडा. स्टीलच्या कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, डाळ त्या वाढीव तापमानाने मऊ होते. मावेचा प्लास्टिकचा प्रेशर कुकर तेवढा दाब धरायला बनवलेलाच नसतो, त्यामुळे फायदा अर्धवट. वर रिंग किंवा व्हॉल्व्ह गेला की आपल्या कोपऱ्यावरच्या कुकरवाल्याकडे तो सुटा भाग मिळेलच असं नाही. उघड्या बोलमध्ये तूरडाळ लावली तर अर्धा तास जातो आणि फेस वेगळाच.

राजमा तर मावेत लावूच नका. अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो, त्याला खळखळ उकळी सलग मिळाली पाहिजे.

भिजवलेली मुगाची डाळ चालते: अर्धी वाटी डाळ, अर्धा तास भिजवून, २ वाट्या पाणी, खोल बोल, चमचाभर तेल, १२ ते १४ मिनिटं, मधे दोनदा ढवळून. माझा सल्ला उलटा आहे. बर्नर कुकरला द्या आणि भाजी मावेत टाका.

तिठ्यावरचा_वाणी

क्रिस्प प्लेट सोलो मावेसाठी घेऊ नये. तिच्या बुडाला लहरी शोषून तापणारा थर असतो, रिकामी तापवली की ती तव्यासारखी होते. (मावेच्या पॉपकॉर्नच्या पाकिटातला करडा कागदही याच तत्त्वावर चालतो, तिथे धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो.) पण ७०० वॅटला ती तापायला ३-४ मिनिटं घेते, गार पदार्थ ठेवला की लगेच उतरते आणि वरची बाजू पांढरीच राहते. शिवाय काही प्लेटा त्या-त्या कंपनीच्या ओव्हनसाठीच बनवलेल्या असतात. कटलेट भाजायला बिडाचा तवा बरा.

पास्त्याचं भांडंही तसंच. २०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी: उकळीला आठ मिनिटं, वर पाकिटावरचा वेळ. १८-२० मिनिटं झाली. ज्यांच्या खोलीत शेगडीच नाही त्यांना ते उपयोगी, तुम्हाला नाही.

एक महत्त्वाचं कुणी लिहिलं नाही: माप. २० लिटरच्या मावेची फिरती काच बहुधा २४.५ ते २५.५ सेंमी असते. लांबट भांड्याचे कान भिंतीला अडकले की ताटली फिरत नाही आणि एकाच जागी पदार्थ करपतो. आतली रुंदी मोजा, भांडं कानांसकट तिच्यापेक्षा २ सेंमी लहान हवं. चौकोनी भांड्याचे कोपरे आधी शिजतात, म्हणून गोलच घ्या.

वाफाळ

सिलिकॉन स्टीमर राहिला. फरसबी, गाजर, फ्लॉवर २०० ग्रॅम, २ चमचे पाणी, ४ मिनिटं, २ मिनिटं थांबा. हे बोल आणि वर उपडी ठेवलेली काचेची ताटली यानेही होतं. सिलिकॉनला लसणाचा वास धरतो तो जात नाही.

अळूवडीचा उंडा मात्र मावेत छान होतो: २५० ग्रॅमचा उंडा, पसरट बोलमध्ये २ चमचे पाणी, झाकण, ६ मिनिटं, मधे एकदा पालटून. उकडीचे मोदक नकोत. पारी कडक होते, आणि आतला गूळ पारीच्या आधी उकळून फुटतो.

बटाटे मध्यम ४ (अर्धा किलो): काट्याने प्रत्येकी पाच-सहा टोचे, ७-८ मिनिटं, मधे उलटा. टोचे न मारल्यास फुटतात. अंडं कवचासकट कधीच नाही.

घाईची_भाकरी

मग खरेदी अशी ठरवतेय: अडीच लिटरचा खोल बोल एक, १८ सेंमीचा पसरट एक, दोन्ही बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी काच), काचेच्या झाकणांसह. इडली स्टँड रविवारच्या नाश्त्यासाठी. बरोबर?

आणि पाककृतीत '९०० वॅटवर ५ मिनिटं' असेल तर?

कोकमसार

बरोबर. स्टँड घेताना थाळीत भोकं आहेत ना आणि झाकणाला वाफेची वाट आहे ना, एवढं बघा.

वॅटचं त्रैराशिक: ५ मिनिटं × ९०० ÷ ७०० = साधारण साडेसहा मिनिटं. पण आधी ६ लावा, मग बघा. आणि ५० टक्के म्हणजे साध्या मावेत निम्मी आच नव्हे. तो काही सेकंद पूर्ण चालतो, काही सेकंद बंद राहतो. म्हणून त्या काळात घरघर थांबली तर बिघडला समजू नका.

तिठ्यावरचा_वाणी

पट्टीवरचे ७०० खरे आहेत का तेही तपासा, मावे जुना झाला की ताकद घटू शकते. १ लिटर पाणी, थर्मामीटरने तापमान घ्या, फुल पॉवर बरोबर १ मिनिट, ढवळून पुन्हा घ्या. वाढलेले अंश गुणिले ७०. दहा अंश वाढले तर ७०० वॅट. आठच वाढले तर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे वर दिलेल्या सगळ्या वेळांत पाव पट वाढ धरा.

गरम काचेचा बोल ओल्या ओट्यावर टेकवू नका, बोरोसिलिकेट असला तरी. खाली दुमडलेलं कोरडं फडकं.